एकाच रात्री दुधाचं बिल तीनदा निघालं : ठरावीक वेळेची कामं सेलरीवर कशी लावता?

संकलक – २ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. साधारण नऊ हजार उत्पादक आहेत. दर दहा दिवसांनी बिल निघतं: १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. आमच्याकडे त्याला दुधाचा पगारच म्हणतात, कारण बऱ्याच घरांत महिन्यातून हातात येणारी खात्रीची रक्कम तेवढीच असते.

जँगो (वेबसाइटचा सांगाडा), सेलरी (कामं रांगेत लावून मागच्या बाजूला उरकणारी प्रणाली) आणि ब्रोकर, म्हणजे ती रांग सांभाळणारा, म्हणून रेडिस अशी मांडणी आहे. बिलाचं काम १, ११ आणि २१ तारखेला रात्री साडेबाराला बीट, म्हणजे सेलरीचा वेळापत्रक सांभाळणारा भाग, क्यूमध्ये (रांगेत) टाकतो. वर्षभर एका सर्व्हरवर सगळं नीट चाललं. मे महिन्यात लोड वाढला म्हणून आणखी दोन सर्व्हर जोडले आणि १ जूनच्या रात्री तेच बिल तीनदा निघालं.

सकाळी साडेसहाला संकलन केंद्रावर एक आजी मोबाईल घेऊन आल्या. त्यांना तीन मेसेज आले होते. पहिल्यात जमा ४,२१२ रुपये, दुसऱ्यात २,१९२, तिसऱ्यात ६९२. पशुखाद्याच्या एका पोत्याची १,५०० ची कपात प्रत्येक वेळी नव्यानं लागली होती. त्या एवढंच विचारत होत्या, "यातलं खरं कुठलं?" सचिवांनी मला फोन लावला. बँकेला फाईल गेली नव्हती म्हणून पैसे चुकीचे गेले नाहीत, पण दिवसभर केंद्रांवर जो गोंधळ झाला तो मला परत नको आहे.

तिन्ही सर्व्हरवर वर्कर, म्हणजे रांगेतली कामं उचलून करणारा प्रोग्राम, एकाच स्क्रिप्टनं सुरू होतो. जुन्या सर्व्हरवर चालत होती तीच स्क्रिप्ट नव्यांवर टाकली. नेमकं काय बघू?

रात्रपाळी – २ जून, रात्री १०:५२

स्क्रिप्टमध्ये वर्करच्या ओळीत "डॅश बी" आहे का बघा. त्यानं वर्करच्या पोटातच बीट सुरू होतो. एका मशीनवर ते चालून जातं. तीन मशीनवर तीच ओळ म्हणजे तीन बीट, आणि तीन बीट म्हणजे तीन वेळा काम. बीट एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकाकडे स्वतःचं वेळापत्रक असतं, वेळ झाली की तो क्यूमध्ये निरोप टाकून मोकळा होतो. एका वेळापत्रकाला एका वेळी एकच बीट, हे सेलरीच्या दस्तऐवजातही स्पष्ट लिहिलंय.

बीट वेगळी प्रोसेस म्हणून फक्त एका मशीनवर चालवा. पुढे कुबरनेटिसवर (अनेक मशीनवर प्रोग्राम चालते ठेवणारी प्रणाली) गेलात तर बीटची प्रत एक ठेवा आणि नवी आवृत्ती चढवताना आधी जुना बंद, मग नवा सुरू अशी "रीक्रिएट" पद्धत लावा. नाहीतर अदलाबदलीच्या त्या थोड्या वेळात दोन बीट जिवंत असतात.

आणखी एक. बीट शेवटचं काम कधी टाकलं ते एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. कंटेनर (प्रोग्राम ज्या बंद पेटीत चालतो ती) नवा झाला की ती फाईल जाते. काम "दर २४ तासांनी" असं लावलं असेल आणि तुम्ही रोज नवी आवृत्ती चढवत असाल, तर २४ तासांची मोजणी रोज शून्यापासून सुरू होते आणि ते काम कधीच चालत नाही. मी हे प्रत्यक्ष भोगलंय. ती फाईल टिकाऊ जागी ठेवा, किंवा वेळापत्रक डेटाबेसमध्ये नेणारा जँगो सेलरी बीट वापरा.

निशिगंध – २ जून, रात्री ११:३०

रात्रपाळींचं बरोबर आहे, पण संकलकदादा, आजींचे आकडे पुन्हा बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या मेसेजमधला फरक १,५०० आहे, म्हणजे एक जादा कपात. पहिल्या आणि दुसऱ्यामधला फरक मात्र २,०२० आहे. हे वरचे ५२० कुठे गेले?

नव्या सर्व्हरची घड्याळं कुठल्या वेळेवर आहेत? आणि बिलाचा कालावधी कोडमध्ये कसा काढता?

संकलक – ३ जून, सकाळी ७:०५

ताई, रात्री परत उठून बघितलं. ५२० म्हणजे आजींचं ३१ मेचं दूध आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून १४ लिटर.

जुना सर्व्हर भारतीय वेळेवर होता, नवे दोन यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर आहेत. सेलरीला वेळ आशिया/कोलकाता दिली होती म्हणून काम तिन्हीकडे बरोबर साडेबारालाच सुरू झालं. कोडमध्ये मात्र मी "आजची तारीख वजा एक" असा शेवटचा दिवस काढतो. आपल्याकडे १ जूनचे रात्रीचे साडेबारा, तेव्हा यूटीसीत ३१ मेचे संध्याकाळचे सात. म्हणजे नव्या मशीननं ३० मेपर्यंतचंच बिल केलं.

तीनदा चाललं म्हणून हे उघडकीला आलं. एकाच नव्या मशीनवर एकदाच चाललं असतं तर नऊ हजार जणांचं एका दिवसाचं दूध गुपचूप गळलं असतं. हा विचार रात्रीपासून डोक्यातून जात नाही.

डॅश बी होताच. काढला.

निशिगंध – ३ जून, सकाळी ९:४०

म्हणूनच कालावधी कामाच्या आत घड्याळ बघून काढायचा नाही. "२१ मे ते ३१ मे" अशी कालावधीची नोंद टेबलात आधीच करून ठेवा, तिला क्रमांक द्या आणि कामाला तो क्रमांक पाठवा. मग काम साडेबाराला चालो, पहाटे चारला चालो किंवा दुसऱ्या दिवशी हातानं चालवा, बिल त्याच अकरा दिवसांचं निघेल.

आणि कपातीच्या टेबलावर युनिक बंधन घाला: उत्पादक, कालावधी क्रमांक आणि पोत्याची पावती ही तिन्ही मिळून एकदाच. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" लावलं की दुसऱ्यांदा आलेली नोंद मुकाट्यानं सोडली जाते. बंधनात तारखा घेऊ नका, क्रमांक घ्या. तारखा घेतल्या असत्या तर ३० आणि ३१ वेगळ्या म्हणून तुमची चुकीची नोंदही आत शिरली असती.

जुनीवही – ३ जून, दुपारी १:२०

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. दहा दिवसांतून एकदा चालणाऱ्या कामाला सेलरी, रेडिस, बीट एवढं सगळं कशाला? लिनक्समध्ये ठरल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉन आहे. एका मशीनवर क्रॉनची एक ओळ आणि पुढे "फ्लॉक डॅश एन", म्हणजे आधीचं चालू असेल तर दुसरं सुरूच होत नाही. मी एका सहकारी पतसंस्थेचं व्याज असंच काढतो आणि आजवर दोनदा निघालेलं नाही.

रात्रपाळी – ३ जून, दुपारी २:१०

राग कसला, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. मशीन एक, काम एक आणि ते दहा मिनिटांत संपणारं असेल तर मीही क्रॉनच सांगेन. पण ते मशीन त्या रात्री बंद पडलं तर काय? क्रॉन चुकलेली वेळ भरून काढत नाही. लिनक्समधल्याच सिस्टिमडीच्या टायमरला "पर्सिस्टंट" लावलं तर मशीन उठल्यावर राहिलेलं काम चालतं, पण उठल्यावरच. क्यू असली की एक मशीन गेलं तरी उरलेली दोन काम ओढतात. संकलकांकडे पहाटे पाचला दूध यायला लागतं, त्याआधी बिल संपलंच पाहिजे.

फ्लॉक एका मशीनपुरताच आहे. तीन मशीनवर लोक रेडिसचं कुलूप लावतात: किल्ली नसेल तरच लिहा आणि इतक्या सेकंदांनी आपोआप काढा. यातली मेख ही की मुदत दहा मिनिटांची ठेवली आणि काम बारा मिनिटं चाललं, तर शेवटची दोन मिनिटं कुलूप उघडं असतं आणि दुसरा आत शिरतो. पहिल्याला त्याचा पत्ताही नसतो. २०१६ मध्ये संशोधक मार्टिन क्लेपमन यांनी रेडिसच्या रेडलॉक या कुलूप-पद्धतीवर हाच आक्षेप घेतला होता आणि रेडिसचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी त्याला उत्तर दिलं होतं. दोन्ही बाजू वाचून माझं मत असं झालं की कुलूप फुकटची मेहनत वाचवायला ठीक आहे. पैशाची राखण डेटाबेसच्या बंधनानंच करावी.

जर्सीकर – ४ जून, सकाळी ६:३०

न्यू जर्सीहून लिहितोय. भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं, हे किती सुखाचं आहे ते इथे आल्यावर कळलं. इथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनचे थेट तीन वाजतात. अडीचला लावलेलं काम त्या रात्री कधी चालणार? अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो आणि दीडचं काम दोनदा चालू शकतं. क्रॉनच्या काही आवृत्त्या हे सांभाळून घेतात, सगळ्या नाही. आमच्याकडे रात्रीची कामं यूटीसीतच लावायची असा नियम आहे. पुण्यात बसून अमेरिकेतल्या कंपनीची कामं लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवा.

संकलक – ११ जून, पहाटे २:२५

मंडळी, जागाच आहे. बीट एकच, कालावधी क्रमांकानं, कपातीवर बंधन. पैसे यावेळी रुपया न् रुपया बरोबर आले. पण मेसेज परत दोनदा गेले.

साडेबाराला काम सुरू झालं. एकाच कामात मी नऊ हजार उत्पादकांची यादी फिरवतो: बिल काढ, मेसेज पाठव, पुढचा. मेसेजला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे ७५ मिनिटं. लॉग बघत बसलो होतो. दीडच्या सुमारास दुसऱ्या सर्व्हरवरच्या वर्करनं तेच काम, तोच आयडी, पहिल्यापासून सुरू केलं! पहिला वर्कर जिवंत होता, कामही करत होता. मी दुसरा बंद करेपर्यंत साधारण बाराशे जणांना मेसेज परत गेला होता.

मधल्या काळात एक बदल केला होता: वर्कर मध्येच मेला तर काम हरवू नये म्हणून "टास्क अ‍ॅक्स लेट" चालू केलं. त्याचा काही संबंध आहे का?

निशिगंध – ११ जून, सकाळी ८:१५

संबंध आहे, आणि तो तासाभराचा आकडाच सांगतोय.

एरवी सेलरीचा वर्कर काम हातात घेतानाच ब्रोकरला पोच देतो. अ‍ॅक्स लेट लावलं की पोच काम संपल्यावर जाते. रेडिस ब्रोकर असताना "व्हिजिबिलिटी टाइमआउट" नावाची मुदत असते, ती न बदलता १ तासाची असते. तासाभरात पोच आली नाही की हा वर्कर मेला असं धरून काम दुसऱ्याला दिलं जातं. तुमचं काम ७५ मिनिटांचं, मग दीड वाजता दुसऱ्याला मिळणारच. हीच गोष्ट "तीन तासांनी चालव" अशी पुढची वेळ देऊन टाकलेल्या कामांचीही होते. तीन तासांचं ते काम तासातासाला नव्या वर्करकडे जात राहतं आणि वेळ झाली की अनेकदा चालतं.

मुदत वाढवता येते. पण मग वर्कर खरोखर मेला तर काम परत मिळायलाही तितकाच उशीर. त्यापेक्षा काम फोडा. केंद्रनिहाय एक काम करा आणि मेसेजची रांग वेगळी ठेवा. कुठलंही काम दोन-तीन मिनिटांच्या वर जायला नको.

नवशिकी – ११ जून, सकाळी ११:००

मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये सेलरी वापरतेय. रेडिसऐवजी रॅबिटएमक्यू हा दुसरा ब्रोकर घेतला तर हा त्रास संपेल का?

रात्रपाळी – ११ जून, दुपारी १२:३५

हा ठरावीक त्रास संपेल. रॅबिटएमक्यू वर्करशी असलेलं कनेक्शन तुटलं की लगेच काम परत रांगेत घालतो, तासभर थांबत नाही. पण त्यालाही पोचेची एक मुदत असते, बरीच वर्षं ती न बदलता ३० मिनिटांची राहिली आहे. तितक्यात पोच नाही आली तर तो चॅनल बंद करतो आणि काम परत रांगेत. म्हणजे ७५ मिनिटांचं काम तिथेही अडकलंच असतं.

शिवाय वर्कर एकेका प्रोसेसमागे आगाऊ ४ कामं उचलून ठेवतो. मोठ्या कामामागे उचललेली लहान कामं ताटकळतात आणि बाजूचा वर्कर रिकामा बसतो. लांब कामांसाठी तो आकडा १ करा.

कुठलाही ब्रोकर घ्या, काम किमान एकदा पोचेल एवढीच हमी मिळते.

निशिगंध – ११ जून, दुपारी ४:०५

संकलकदादा, आता मनातलं मुख्य सांगते. तुम्ही अजून वेळेवरच विसंबून आहात: साडेबारा वाजले म्हणून बिल. त्याऐवजी दर दहा मिनिटांनी एक अगदी छोटं काम चालू द्या. ते टेबलात एवढंच बघेल की संपलेला पण बिल न झालेला कालावधी कुठल्या केंद्राचा आहे. असेल तर त्या केंद्राचं काम रांगेत टाकेल, नसेल तर परत जाईल. दहा दिवसांतले बहुतेक सगळे फेरे रिकामे जातील, त्याला खर्च जवळजवळ काही नाही.

यानं काय होतं? बीट दोन तास बंद होता, हरकत नाही, उठल्यावर पहिल्याच फेरीत राहिलेलं दिसतं. केंद्राचं काम अर्ध्यात मेलं तर डेटाबेसचा व्यवहार मागे फिरतो (अर्धवट नोंदी रद्द होतात), टेबलात ते "बाकी" राहतं आणि पुढच्या फेरीत परत उचललं जातं. दोन फेऱ्यांनी एकच केंद्र उचलू नये म्हणून काम सुरू होताना ती ओळ "फॉर अपडेट स्किप लॉक्ड" नं धरा. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.५ पासून आहे. दुसरा आला तर धरलेली ओळ सोडून पुढे जातो.

त्या छोट्या कामाला दहा मिनिटांची "एक्स्पायर्स" मुदतही द्या. वर्कर रात्रभर बंद राहिले तर बीट निरोप टाकतच राहतो आणि सकाळी साठ-सत्तर शिळे निरोप एकदम अंगावर येतात.

संकलक – ११ जून, रात्री ९:५०

हे मनाला एकदम पटलं. आमचे जुने सचिव असंच करायचे. बिलाच्या दिवशी वही उघडून ज्या नावापुढे खूण नाही ती नावं घ्यायचे, किती वाजलेत ते बघायचे नाहीत.

पण मेसेजचं काय? बिलावर बंधन घालता येतं. मेसेज गेला तो गेला.

रात्रपाळी – ११ जून, रात्री १०:४०

मेसेज आधी पाठवून मग "पाठवला" लिहिलंत, तर मधल्या क्षणी वर्कर मेला की दोनदा जातो. आधी लिहून मग पाठवलात, तर मधल्या क्षणी मेला की जातच नाही. दोन्ही एकदम साधत नाही. मी आधी पाठवा म्हणेन. शेतकऱ्याला मेसेज न मिळण्यापेक्षा दोनदा मिळालेला बरा.

निशिगंध – ११ जून, रात्री ११:१५

इथे माझं मत उलट आहे. एका महिन्यात दोनदा ज्यांना जादा मेसेज आलेत, त्यांना तिसऱ्यांदा आला तर ते मेसेजवर विश्वासच ठेवणार नाहीत. न मिळालेला मेसेज केंद्रावर विचारता येतो. आधी "घेतला" लिहा, मग पाठवा, मग "पोचला" लिहा. पंधरा मिनिटांहून जास्त वेळ "घेतला" वर अडकलेल्यांची यादी सचिवांना दाखवा. त्यांनी बघून हातानं पाठवावेत. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे आपला संदर्भ क्रमांक देऊन तोच मेसेज परत न घेण्याची सोय असेल तर तीही वापरा.

संकलक – २१ जून, पहाटे ४:१०

कळवायला उशीर नको म्हणून आत्ताच लिहितो. निशिगंधताईंच्या पद्धतीनं सगळं फिरवून घेतलं. १९ तारखेला चाचणीच्या सर्व्हरवर मुद्दाम दोन बीट चालवले आणि ऐन कामात एक वर्कर ठार मारला. टेबलात प्रत्येक उत्पादकाची एकच ओळ. चाचणीत एक नवी गोष्ट सापडली: बिलाचा व्यवहार पूर्ण व्हायच्या आतच मेसेजचं काम रांगेत जात होतं आणि वर्करला बिलच दिसत नव्हतं. व्यवहार पक्का झाल्यावरच रांगेत टाकायचं, म्हणजे जँगोचं "ऑन कमिट", लावल्यावर ते सुटलं.

आजचं बिल १२:४० ला सुरू झालं, बिलं १२:५२ ला संपली, मेसेज दोनच्या आत. सात मेसेज "घेतला" वर अडकलेत, यादी सचिवांच्या फोनवर आहे. पहाटे तीनपर्यंत सगळी केंद्रं पूर्ण झाली नाहीत तर मला फोन वाजेल अशीही सोय बाहेरच्या एका मशीनवरून केली, कारण आमचे तिन्ही सर्व्हर बंद पडले तर ते स्वतः कसं सांगणार?

एक प्रश्न उरलाय. बिल बंद झाल्यावर केंद्रावरून कळतं की एखाद्याचं फॅट ३.९ होतं आणि नोंद ३.६ झाली. बंधनामुळे आता ते बिल परत निघत नाही. मग दुरुस्ती कुठे करायची?

निशिगंध – २१ जून, सकाळी ७:३०

बंद बिलाला हात लावू नका. पुढच्या कालावधीत फरकाची वेगळी ओळ टाका आणि तिच्यावरही बंधन घाला: मूळ संकलन नोंदीचा क्रमांक आणि दुरुस्तीचा क्रमांक मिळून एकदाच. मेसेजमध्येही ती रक्कम वेगळी दिसू द्या, बेरजेत लपवू नका.

संकलक – २१ जून, सकाळी ९:००

सचिवांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, वहीत आम्ही हे "मागील फरक" म्हणून लाल शाईनं लिहायचो. मेसेजमध्ये तेच नाव ठेवतोय.